खर्ड्याचें रण आणि विलायतेंतील मतें

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांतील खर्डा हें गांव मराठी वाचकांस परिचित आहे तें ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळें. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन हे सारे पेशव्यांच्या निशाणाखालीं एकत्र आल्याचा तो अखेरचा प्रसंग; म्हणून आमचे इतिहासकार त्याचें वर्णन अभिमानानें करीत आले, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या रणांत कोण उतरले ह्याइतकेंच कोण उतरले नाहींत हेंही पाहण्याजोगें आहे. निजामाच्या खर्चानें हैदराबादेस असलेल्या इंग्रज कंपनीच्या दोन पलटणी त्या दिवशीं लढल्या नाहींत. त्यांस कोणीं अडविलें? ह्याचें उत्तर शोधूं गेल्यास आपणांस लंडनच्या कॉमन्स सभेंत जावें लागतें.

परदेशांतील युद्ध थांबवावें कीं नाहीं ह्यावर मतें मोजण्याचा प्रसंग त्या सभेवर १७८२ त अमेरिकेच्या युद्धामुळें आला. २२ फेब्रुवारीस जनरल कॉनवे यांचा युद्धविरोधी ठराव अवघ्या एका मतानें पडला. पांच दिवसांनीं तशाच आशयाचा ठराव २३४ विरुद्ध २१५ मतांनीं मंजूर झाला, आणि मार्चांत लॉर्ड नॉर्थ यांचें प्रधानमंडळ गेलें. तेंच वारें मग हिंदुस्थानाकडे वळलें. राघोबादादांची बाजू घेऊन मुंबईकर इंग्रजांनीं मराठ्यांशीं जें युद्ध आरंभिलें, ज्यांत १७७९ च्या जानेवारींत वडगांवास त्यांची फजिती झाली, तें कंपनीचा खजिना रिता करीत होतें. हेन्री डंडास यांनीं पुढाकार घेतला, आणि वॉरन हेस्टिंग्ज व मुंबईचे गव्हर्नर हॉर्नबी यांस परत बोलवावें असा ठराव २८ मे १७८२ रोजीं सभेनें केला. मौज ही कीं, सालबाईच्या तहावर त्याच महिन्याच्या १७ तारखेस सह्या झाल्या होत्या! विलायतेस बातमी पोंचण्यास महिने लागत. तेव्हां तह झाल्याचें ठाऊक नसतांच सभेनें युद्ध करणारांस दोष दिला. कंपनीच्या भागीदारांनीं तर तो ठराव जुमानलाच नाहीं, व हेस्टिंग्ज १७८५ पर्यंत अधिकारावर राहिले.

पुढें कंपनीस लगाम घालण्याचा प्रश्न पक्षांच्या झुंजीचें निमित्तच होऊन बसला. अमेरिकेच्या युद्धावरून ज्यांचें हाडवैर होतें ते फॉक्स आणि नॉर्थ १७८३ त एक झाले. फॉक्स यांचें हिंदुस्थानविषयक बिल कॉमन्स सभेंत २०८ विरुद्ध १०२ मतांनीं संमत झालें. परंतु ह्या बिलास मत देणारा तो आपला शत्रु, असा तिसऱ्या जॉर्ज राजाचा निरोप उमरावांत फिरला, व १७ डिसेंबरास तें उमरावांच्या सभेंत ९५ विरुद्ध ७६ मतांनीं पडलें. दोनच दिवसांत तरुण पिट प्रधान झाले. त्यांच्या १७८४ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील मुलूखगिरी ही ब्रिटिश राष्ट्राच्या अब्रूस बाधक ठरविली, आणि स्वसंरक्षणाचा किंवा तहानें पत्करलेल्या रक्षणाचा प्रसंग वगळतां, विलायतेच्या आज्ञेवांचून युद्ध पुकारण्यास गव्हर्नर-जनरलास मनाई केली. १७९३ च्या कायद्यांतही हें कलम कायम राहिलें.

सर जॉन शोअर यांनीं तें कलम मनावर घेतलें. १७९० चा तह टिपूविरुद्ध तिघांचा होता. त्यांपैकीं एकानें दुसऱ्यावर शस्त्र उपसल्यास तिसऱ्यानें मध्यें पडलेंच पाहिजे असें नाहीं, असा अर्थ लावून त्यांनीं निजामास मदत नाकारली. मराठ्यांच्या फौजेची धास्ती व खर्चाचें भय हींही त्यामागें होतीं. केवळ कायद्याच्या भक्तीनें राज्यकर्ते स्वस्थ बसल्याचीं उदाहरणें इतिहासांत फारशीं नाहींत. पण कायद्यानें त्यांच्या सावधपणास आधार दिला खरा. निजाम अली मोहरीचा घाट उतरला तो रेमंडच्या कवायती पलटणींवर भिस्त ठेवून. रात्रीं त्याच्या लष्करांत गोंधळ उडाला, तो खर्ड्याच्या किल्ल्यांत कोंडला गेला, आणि थोड्याच दिवसांत दौलताबादसह मुलूख व तीन कोटी रुपये देण्यास, तसेंच आपला दिवाण मुशीरुल्मुल्क यास पुण्याच्या स्वाधीन करण्यास कबूल झाला. इंग्रजांवर रुष्ट होऊन त्यानें त्यांच्या पलटणींस निरोप दिला. पण मुलगा अलीजाह बंडास उठतांच त्यांस पुनः बोलाविलें.

त्या कलमाचें पुढें काय झालें? तें रद्द झालें नाहीं. १७९८ त शोअर जाऊन वेल्स्ली आले, आणि फ्रेंचांच्या भयाचें कारण पुढें करून त्याच कायद्याखालीं तैनाती फौजेचा तह निजामाच्या गळ्यांत पडला. फ्रेंच अंमलदारांच्या पलटणी मोडण्यांत आल्या. पुढील वर्षीं श्रीरंगपट्टण पडलें. त्या समयीं विलायतेंत हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते तेच डंडास, आणि पार्लमेंटनें वेल्स्लींचे आभार मानले. १२ ऑगस्ट १८०३ रोजीं वेल्स्लींच्या धाकट्या भावानें नगरचा किल्ला सर केला.

ह्यावरून पार्लमेंटचीं मतें व्यर्थ होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. एका कलमामुळें मराठी राज्यास उसंत मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तीं मतें विलायतेच्या खजिन्याकडे व पक्षाच्या सोयीकडे पाहून दिलेलीं होतीं. ज्यांच्या शिवारांतून फौजा जात त्यांचें मत त्यांत नव्हतें. म्हणून पक्षाची सोय बदलतांच कलमाचा धाक सरला.

आणि मिळालेल्या उसंतीचें आम्हीं काय केलें? सवाई माधवराव त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वारले. गादीच्या तंट्यांत निजामाचें साह्य मिळावें म्हणून १७९६ त खुद्द नानांनीं खर्ड्याची कमाई परत देण्याचें कबूल केलें. पुण्यास मतभेद नव्हते असें नव्हे. ते मोकळेपणीं मांडून, मोजून, हरलेल्यासही निर्णय बंधनकारक व्हावा अशी सभा नव्हती. तेथें मतभेदांचा निकाल कैदेनें किंवा फौजेनें लागे. लंडनची सभा स्वार्थी होती, चंचल होती. तरी तिच्यांत हरलेला पक्ष दुसऱ्या दिवशीं पुनः बोलावयास उभा राहूं शके. खर्ड्याच्या विजयाचा अभिमान बाळगतांना आपल्या राज्यांत काय उणें होतें ह्याचाही विचार वाचकांनीं करावा, एवढीच आमची विनंती आहे.