परतीचे पाणी: 'वॉटर कम्युनियन' या विधीची कुळकथा

ख्रिस्ती पंचांगानुसार उपासनावर्षाचा आरंभ नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी होतो. परंतु अमेरिकेतील युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळ्यांचे वर्ष व्यवहारात शाळेच्या वर्षाबरोबर चालते, म्हणजे ते सप्टेंबरात उघडते आणि जूनमध्ये आटोपते. त्रैक्याचा सिद्धान्त नाकारून ईश्वराचे एकत्व मानणारे ते युनिटेरियन आणि अंती सर्वच जीवांचा उद्धार होतो असे मानणारे ते युनिव्हर्सलिस्ट. हे दोन पंथ १९६१ मध्ये एका संघटनेत विलीन झाले. यांपैकी पहिला पंथ मराठी वाचकांना अगदीच परका नाही, कारण प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियनांच्या साह्यानेच ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करीत होते.

उन्हाळ्यात उपासना स्थगित ठेवण्याची रीत न्यू इंग्लंडमधील युनिटेरियनांत जुनी आहे. उकाड्याच्या दिवसांत बोस्टनमधील सधन कुटुंबे समुद्रकिनारी किंवा डोंगरात मुक्कामास जात, धर्मोपदेशकही रजेवर जात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारा कामगार दिन उलटला की सर्वजण पुन्हा एकत्र येत. या पुनर्मीलनाच्या उपासनेला 'इनगॅदरिंग' म्हणतात. पिकलेले धान्य गोळा करून घरात आणणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. आज अनेक मंडळ्यांत या दिवशी प्रत्येक जण उन्हाळ्यात जेथे गेला असेल तेथले थोडे पाणी आणतो, त्याविषयी दोन शब्द बोलतो आणि ते एका सामाईक पात्रात ओततो. 'वॉटर कम्युनियन' नावाने ओळखला जाणारा हा विधी रजेवरून परतलेल्यांच्या स्वागतासाठीच निघाला असावा असे सहज वाटते. त्याचा उगम मात्र निराळा आहे.

या संघटनेच्या महासभेने १९७७ मध्ये 'स्त्रिया आणि धर्म' या विषयावरील ठराव एकमताने संमत केला. ल्युसील लाँगव्ह्यू या, धर्मोपदेशकपद नसलेल्या, सामान्य सभासद स्त्रीने त्यासाठी पुढाकार घेतला होता, आणि स्त्रीला दुय्यम ठरवणाऱ्या समजुतींची मुळे धर्मश्रद्धांत व धर्माच्या भाषेत कितपत आहेत हे तपासावे, अशी त्याची मागणी होती. याच चळवळीतून नोव्हेंबर १९८० मध्ये मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथे स्त्रियांचे अधिवेशन भरले आणि त्याच्या उपासनेची रचना लाँगव्ह्यू व गीतकार कॅरोलिन मॅकडेड यांच्याकडे आली. नद्या सागराकडे जातात तसे घरी परतणे, या अर्थाचे शीर्षक त्यांनी त्या विधीला दिले. वेगवेगळ्या भागांतून आलेल्या स्त्रियांनी आपापल्या ठिकाणचे पाणी एका पात्रात एकत्र केले. गर्भजलापासून पाऊस, नदी आणि समुद्रापर्यंतचे जलचक्र हे त्यामागील प्रतीक होते. स्त्रियांनी आजवर ज्या विधींत भाग घेतला ते इतरांनी रचलेले होते. आपला विधी आपणच रचणे ही कृती रचनाकर्त्यांना पाण्याइतकीच मोलाची वाटत होती. तेथील 'परतणे' हे सहलीवरून परतणे नव्हते; ज्या धर्मपरंपरेने स्त्रियांना कडेला ठेवले होते तिच्यात स्वतःच्या अधिकाराने येणे होते.

अधिवेशनाहून हा विधी गावोगावच्या मंडळ्यांत पोचला आणि सप्टेंबरच्या उपासनेला जोडला गेला, तेव्हा 'परतणे' हे क्रियापद तसेच राहिले, पण त्याचा कर्ता बदलला. 'कम्युनियन' म्हणजे प्रभुभोजन, भाकरी आणि द्राक्षारस यांचा सहभाग. येथे ती जागा पाण्याने घेतली. अशा पर्यायाची वाट या परंपरेला आधीच माहीत होती. प्रागचे नॉर्बर्ट चापेक यांनी, कॅथलिक चर्च सोडून आलेल्या अनेक सभासदांना जुन्या विधीची अढी वाटते हे ओळखून, १९२३ मध्ये फुलांचा विधी सुरू केला होता, आणि त्यांच्या पत्नी माया यांनी १९४० मध्ये तो अमेरिकेत नेला. आता पुष्कळ मंडळ्यांत वर्ष पाण्याने उघडते आणि जूनमध्ये फुलांनी संपते. सप्टेंबरात जमलेल्या पाण्यातील काही भाग उकळून किंवा गाळून जपून ठेवतात. बालकांच्या नामकरणासारख्या विधीत ते वापरले जाते आणि उरलेले पुढील वर्षीच्या पात्रात पहिल्यांदा ओतले जाते.

या स्थलांतराची किंमतही मोजावी लागली. दूरदेशीच्या किनाऱ्यांचे पाणी ओतले जाऊ लागले तसे उपासनेला प्रवासवर्णनाचे रूप आले, आणि ज्यांना कामामुळे किंवा पैशाअभावी गाव सोडता आले नाही त्यांना आपली बाटली पुढे करताना संकोच वाटू लागला, अशी टीका या पंथातूनच झाली. त्यामुळे अनेक मंडळ्या आता कोठे गेलात हे न विचारता, वर्षभरात कशाने तग धरला हे विचारतात, आणि घरच्या नळाचे पाणी आणा असे मुद्दाम सांगतात. १९८० च्या त्या पात्रात स्त्रियांनी आपल्या राहत्या ठिकाणचे पाणी ओतले होते. नळाच्या पाण्याला मान देताना हा विधी नकळत आपल्या मूळ अर्थाच्या जवळ येतो.