तारेवरचा श्वास

निर्मळच्या तळ्याकाठी कार्तिक वद्य एकादशीला यात्रा सुरू होते. दिवाळीचे लाडू डब्याच्या तळाला गेलेले असतात, हवेत जरा गारवा आलेला असतो, आणि शंकराचार्यांच्या मंदिराच्या वाटेवर सुकेळ्यांचा गोड वास दरवळत असतो. या यात्रेत आम्हां पोरांचा सारा जीव फुगेवाल्याकडे लागलेला असे. त्याच्याजवळ एक उंच लोखंडी सिलिंडर असे. ‘यात वारा भरलाय,’ असे आम्ही एकमेकांना मोठ्या गांभीर्याने सांगत असू. लोखंडात कोंडलेला वारा ही त्या वयात केवळ चेष्टेची गोष्ट होती.

आज तसलेच एक सिलिंडर आमच्या माजघराच्या कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलेले आहे. अंग काळे, खांदा पांढरा. प्राणवायूच्या सिलिंडरची आपल्याकडची हीच खूण. आत्याने चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी फुंकली, त्या धुराने तिची फुप्फुसे निकामी होत गेली. आता तिच्या नाकात बारीक नळी असते आणि शेजारी एक यंत्र दिवसरात्र घुरघुरत असते. या यंत्राचा आणि त्या सिलिंडरचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो सांगितल्यावाचून पुढची हकीकत नीट कळायची नाही.

१ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगातून सूर्यकिरण पाडले आणि निघालेला वायू साठवून ठेवला. पुढे त्या वायूत त्याने उंदीर ठेवला; साध्या हवेत जगता त्याहून तो अधिक वेळ जगला. मग प्रीस्टलीने स्वतःच तो हुंगून पाहिला आणि छातीत हलके वाटले असे लिहून ठेवले. स्वीडनमधल्या शेले या औषधविक्याने हाच वायू त्याच्याही आधी मिळवला होता, पण त्याचे पुस्तक छापून यायला उशीर झाला. फ्रान्सच्या लाव्हाझिएने त्याला ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा असे नाव दिले. ते नाव चुकीच्या समजुतीवर बेतलेले होते, तरी जगभर टिकले. आपल्या ‘प्राणवायू’ या नावात तशी चूक नाही, हे मला अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

नाव मिळाले, तरी वायू रोग्याच्या उशापर्यंत पोचायला शंभराहून अधिक वर्षे गेली. १८९५ मध्ये कार्ल फॉन लिंडे या जर्मन पंडिताने हवा थंड करकरून तिचे पाणी केले, आणि १९०२ पर्यंत त्या द्रवातून प्राणवायू वेगळा काढण्याची युक्तीही साधली. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूने गुदमरलेल्या सैनिकांना प्राणवायू मोजून, सतत कसा द्यावा, हे हॉल्डेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. तरीही ही सारी इस्पितळातली गोष्ट होती. घरी नेऊन महिनोन्महिने प्राणवायू द्यावा की नाही, याविषयी डॉक्टरांचे एकमत नव्हते.

तो वाद १९८० च्या सुमारास मिटला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत जुनाट दम्यासारख्या विकाराने फुप्फुसे खराब झालेल्या ८७ रोग्यांचे दोन गट केले होते. एका गटाला घरी रोज निदान पंधरा तास प्राणवायू दिला, दुसऱ्याला दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या ४२ पैकी १९ जण दगावले, दुसऱ्यातल्या ४५ पैकी ३०. अमेरिकेतल्या पाहणीत तर असे दिसले की, केवळ रात्री प्राणवायू घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे अधिक जगतात. ‘रोज पंधरा तास’ हा आत्याच्या कागदावरचा हुकूम तिथून आला आहे.

मात्र रोजचे पंधरा तास सिलिंडरवर काढायचे तर घराचे गोदाम होईल. इथे यंत्र मदतीला आले. झिओलाइट नावाचे खडे असतात. दाबाखाली ते हवेतला नत्रवायू धरून ठेवतात, दाब कमी होताच सोडून देतात. दोन डब्यांत हे खडे भरून आळीपाळीने दाब दिला, की दुसऱ्या टोकाला नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू मिळतो. १९७० नंतर ही यंत्रे घरोघर जाऊ लागली. ना सिलिंडरवाला, ना त्याची वाट पाहणे. भिंतीतल्या प्लगमधून श्वास! माणसाने सोय केली खरी, पण ती करताना श्वास विजेच्या तारेला बांधून टाकला.

आणि आमची तार कशी आहे ते वसईकरांना सांगायला नको. पूर्वी वाडीवाडीत बावखले असत, पावसाचे पाणी त्यांत जिरे. पुष्कळ बावखले बुजली, खाडीकडे जाणाऱ्या वाटा अडल्या. जुलै २०१८ मध्ये ९ आणि १० तारखेला पाऊस असा कोसळला, की वसई-विरारच्या वस्त्यांत पाणी भरले, रुळ बुडाले, मिठागरांत माणसे अडकली आणि पाण्यामुळे वीजपुरवठाही बंद ठेवावा लागला.

त्या रात्री आमच्या घरी यंत्राने अचानक किंचाळी फोडली. आत्या म्हणाली, “अरे, लाइट गेली का रे?” मी म्हटले, “गेली, पण तू काळजी करू नकोस, सिलिंडर आहे.” सिलिंडर होता, पण तो उघडायचा पाना सापडेना! गणपतीच्या सामानाच्या पेटीत, मखराच्या खिळ्यांबरोबर, तो शेवटी मिळाला. तोवर आत्याचे ओठ निळसर दिसू लागले होते. सिलिंडर उघडला, तर काटा अर्ध्यावर. हिशेब मी त्या रात्री प्रथमच केला. आमचा लहान सिलिंडर भरलेला असता तर त्यात सुमारे दीड हजार लिटर वायू असतो. आत्याला मिनिटाला दोन लिटर लागतात, म्हणजे साडेबारा तास. काटा अर्ध्यावर, म्हणजे सहा तास. तेवढे तास संपायच्या आत शेजारच्या भावांनी ट्रॅक्टरवरून भरलेला सिलिंडर आणला. त्या ट्रॅक्टरचा आवाज मी जन्मात विसरणार नाही.

असे प्रसंग आमच्याच नशिबी आहेत असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली; वायू होता, पण नळीतला दाब उतरला आणि बावीस जणांचे प्राण गेले. त्याच आठवड्यात कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. भरलेले सात टँकर नागपूरला आणि नाशिकला आले, तेव्हा वाघिणीतून येणाऱ्या प्राणवायूची वाट साऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

आमच्या घरी आता पाना सिलिंडरच्याच गळ्यात सुतळीने बांधलेला असतो. सिलिंडर दोन; एक लागला की त्याच दिवशी दुसरा भरायला जातो. इन्व्हर्टरही घेतला. यंत्र तीन-चारशे वॉट खाते, त्यामुळे एका मोठ्या बॅटरीवर ते तीनेक तासच चालते. रात्र निघत नाही. म्हणून तेवढ्यात सिलिंडर जोडून ठेवायचा. वीज परत आली तरी यंत्राचा वायू पुरेसा शुद्ध व्हायला काही मिनिटे लागतात, तोवर नळी काढायची नाही. धाप लागली म्हणून वायू आपल्या मनाने वाढवायचा नाही, हे डॉक्टरांनी आम्हांला दोनदा बजावले. अशा रोग्याला तो जास्त झाला तर अंगात कर्बवायू साचतो आणि माणूस गुंगीत जातो. सिलिंडर जोडायला माझी सून आणि नातूही शिकले, कारण मी तेव्हा विरारला बाजारात असेन.

दिवाळीत एक भांडण मात्र दरवर्षी होते. आत्याला लक्ष्मीपूजनाला निरांजनाजवळ बसायचे असते. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा वणवा करतो. लुगड्यात मुरलेला वायू तर दिसतही नाही. म्हणून तिची खुर्ची माजघरात, पणत्या ओटीवर, फटाके वाडीच्या टोकाला. सिलिंडरच्या मीटरला तेलाचा हात लावायचा नाही, हे फराळाच्या दिवसांत सगळ्यांना पुन्हा सांगावे लागते. “देवाला काय वाटेल?” असे म्हणून ती रुसते, आणि नातू दुरूनच तिला आरतीचा ताट दाखवतो.

काल संध्याकाळी मी दोन्ही काटे पाहिले. भरलेल्या खुणेवर आहेत. यात्रेला अजून दिवस आहेत, पण आत्याने सुकेळी आणायला आत्ताच सांगून ठेवले आहे.