पऱ्हाटी, परीक्षा आणि वेळापत्रक

दहावीचे वर्ष सुरू झाले, की घरोघरी भिंतीवर वेळापत्रक चिकटते. पहाटे गणित, संध्याकाळी इंग्रजी, रात्री उजळणी. शिक्षक म्हणून मीही अशी कितीतरी वेळापत्रके करून दिली. त्यांपैकी किती पाळली गेली, ते विचारू नका. आज त्या कागदामागचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो. कारण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात परीक्षा नेहमी दूर कुठेतरी ठरली आणि अभ्यास मात्र इथल्या दिवसमानात बसवावा लागला.

वणीत १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी पदवी घेतली ती कलकत्ता विद्यापीठाची. नागपूरला विद्यापीठ आले १९२३ साली. पुसद तालुक्यातील गहुलीत १९१३ साली जन्मलेल्या वसंतराव नाईकांनाही मॅट्रिकसाठी घर सोडून नागपूर गाठावे लागले. पुढे तेच मुख्यमंत्री असताना, १ जानेवारी १९६६ रोजी, राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. गावोगावी हायस्कुले निघाली आणि शेतकऱ्या-मजुरांची मुलेही बोर्डाच्या परीक्षेला बसू लागली.

मग कोठारी आयोगाने सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. जुन्या अकरावीची मुलेही त्याच वर्षी परीक्षेला बसली. मी त्या पहिल्या दहावीतला. आमच्यापुढे आधीच्या वर्षाची एकही प्रश्नपत्रिका नव्हती. काय विचारतील हे गुरुजींनाही सांगता येत नव्हते. म्हणून कंदिलाच्या उजेडात पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, हेच आमचे नियोजन.

पुढे मी शिक्षक झालो आणि एक चूक केली. साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातली एक हुशार मुलगी दिवाळीनंतर शाळेत दिसेनाशी झाली. पऱ्हाटी फुटली होती आणि आईबरोबर ती कापूस वेचायला जात होती. मी तिच्या घरी जाऊन मोठ्या ऐटीत वेळापत्रक दिले. 'पहाटे पाच ते सात गणित.' तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "सर, पाचले तं मी पानी भरतो. कवा वाचू?" मी म्हणालो, "जमव कसेही." जूनमध्ये निकाल लागला. ती गणितात राहिली होती. दिवाळीनंतर घरात तिच्या लग्नाची बोलणी होणार होती.

तेव्हा ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा असे. या वेळी आम्ही अभ्यास आधी लिहिला नाही. आधी तिचा दिवस लिहिला. पाणी, स्वयंपाक, निंदण, पुन्हा स्वयंपाक. त्यातून निघाला रात्रीचा पाऊण तास आणि बाजाराचा दिवस, कारण त्या दिवशी मजुरीला सुट्टी. पाऊण तासात चारच गणिते करायची. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तीच पुन्हा सोडवायची, आठवड्याने आणखी एकदा. बाजाराच्या दिवशी घड्याळ लावून पूर्ण तीन तासांची प्रश्नपत्रिका. जे चुकले, तोच पुढच्या आठवड्याचा अभ्यास.

यात माझी अक्कल काही नव्हती. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, की पाठ केलेले सुरुवातीला भराभर विसरते आणि दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. एका रात्रीत रेटलेले सहा तास आणि सहा दिवसांत वाटलेले सहा तास सारखे नसतात.

मुलगी पास झाली. लग्नाची बोलणी पुढे ढकलली गेली आणि पुढल्या जूनमध्ये ती अकरावीच्या वर्गात बसली. त्यानंतर मी दुसऱ्याचे वेळापत्रक स्वतःच्या मनाने कधी केले नाही.

हे आज सांगण्याचे कारण आहे. ऑक्टोबरची ती परीक्षा गेली. २०१५ पासून पुरवणी परीक्षा जुलैत होऊ लागली, म्हणजे नापास मुलांच्या हाती तयारीला थोडेच आठवडे राहतात. मुख्य परीक्षाही अलीकडे आली. २०२५ साली दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली. विदर्भातल्या शाळा मात्र उन्हामुळे उघडतात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे आपल्या मुलांचे वर्ष दोन्ही टोकांनी आखडले आणि वेचणीचा हंगाम बरोबर त्याच्या मधोमध राहिला.

म्हणून पालकांना एवढेच सांगतो. जानेवारीची वाट पाहू नका. दिवाळीपूर्वीच मुलाजवळ बसा, परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत या, वेचणीचे दिवस वजा करा. उरतील ते तास खरे. ते थोडे असतील, पण त्यांत त्याला पाणी आणायला उठवू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)