थांबलेल्या अंड्यांची कुळकथा

दिवाळी सरते, पन्हाळा-करवीरकडं गुऱ्हाळं पेटतात आणि परड्यातल्या गावठी कोंबड्या एकेक करून अंडी बंद करतात. दोष थंडीवर जातो. हा आरोप तपासला तर टिकत नाही. कोल्हापुरात डिसेंबरातली रात्र सहसा १४-१५ अंशांपर्यंत उतरते. ४१ अंशांचं अंग पिसांत गुंडाळून बसणाऱ्या पाखराचं तेवढ्यानं काही अडत नाही. कॅनडातल्या एडमंटन इथं विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात रानातली लहान पाखरं उघड्या पिंजऱ्यांत, शून्याच्या कितीतरी खालच्या थंडीत ठेवली आणि दिवे लावून त्यांचा दिवस लांबवत नेला. भर हिवाळ्यात त्यांची जननेंद्रियं वसंतात वाढावीत तशी वाढली. (उजेडामुळं पाखरं जास्त वेळ हालचाल करतात म्हणून असं होतं, हा रोवन यांचा तर्क मात्र पुढं चुकीचा ठरला.) १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेनुआ यांनी बदकांवर दाखवून दिलं की उजेडाला यासाठी डोळेही लागत नाहीत, तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. कोंबडीचंही तसंच आहे. मेंदूच्या तळाशी उजेडाचा हिशेब होतो, तिथून संप्रेरकं सुटतात आणि अंडाशयाला काम लागतं किंवा सुट्टी मिळते.

हा हिशेब कोंबडीनं जंगलातून आणला. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैऋत्य चीन या पट्ट्यातल्या त्याच्या एका उपजातीपासून ती माणसाळली, असं २०२० च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात आरवतो तो करडा रानकोंबडा हा दुसरा. त्याच्याकडून तिला पिवळ्या कातडीचं जनुक मिळालं, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. या रानकोंबड्या ठरलेल्या हंगामात पाच-सहा अंडी घालतात, पिल्लं काढतात आणि थांबतात. भलत्या ऋतूत काढलेलं पिल्लू चाऱ्यावाचून मरतं, तेव्हा हे थांबणं शहाणपणाचंच. म्हणजे नवलाची गोष्ट वेगळीच आहे: इतर महिन्यांत पाळीव कोंबडी इतकी अंडी घालायला शिकली कशी? स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक धागा पुढं आणला. ऋतूप्रमाणे प्रजननाचं नियमन करणाऱ्या व्यवस्थेतल्या एका जनुकाचं बदललेलं रूप जवळपास सगळ्या पाळीव कोंबड्यांत सापडतं, रानकोंबड्यांत सहसा नाही. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासानं युरोपात त्या रूपाचा झपाट्यानं झालेला प्रसार हजारएक वर्षांपूर्वीचा ठरवला. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत चार पायांच्या जनावरांचं मांस वर्ज्य असल्यानं कोंबडी-अंड्यांची मागणी वाढली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो खरा असो वा नसो, ऋतूची गाठ माणसानं सैल केली, पुरती सोडली नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

इथं एक रास्त आक्षेप येतो. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही नसतो. कोल्हापुरात तो ११ तासांच्या खाली जात नाही आणि जूनमधला मोठ्यात मोठा दिवस १३ तासांच्या जरासा वर असतो. दोन तासांच्या फरकानं कोंबडीला काय कळणार? पनामातल्या एका जंगली पक्ष्यावरच्या १९९८ च्या प्रयोगात अवघ्या १७ मिनिटांनी वाढवलेला दिवसही त्याच्या जननेंद्रियांना कळला होता. त्या मानानं दोन तास पुष्कळ. तरी विलायती पुस्तकातलं कारण जसंच्या तसं इथं लावू नये. आपल्याकडं घटता दिवस बहुधा एकटा काम करत नाही. पिसं झडणं त्याच्या जोडीला येतं. झड मानेपासून सुरू होते, पाठीवरून पंखांकडं सरकते, लालभडक तुरा आखडून फिकट पडतो. पिसं म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिनं. ती नव्यानं उगवताना अंड्याला उरत नाहीत, आणि पावसाळ्यात मुबलक असलेले किडे-गांडुळंही नेमके याच वेळी कमी होतात. खळ्यावर भात भरपूर सांडलेला असतो, पण भातानं पोट भरतं, पिसं येत नाहीत.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: त्याच परड्यातली तलंग अंडी देते, मग म्हातारीलाच उजेड कमी पडतो काय? तलंगीची पहिली पुरती झड बहुतेक पुढच्या वर्षी येते, म्हणून पहिला हिवाळा ती निभावून नेते. दुकानातली अंडी बारमाही मिळतात याचंही उत्तर कुळातच आहे. लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूक बसणं निवडून काढून टाकलं आणि शेडमधला दिवस दिव्यांनी १६ तासांचा केला. गावठी कोंबडीवर ही निवड कुणी केली नाही, कारण यंत्र नसलेल्या घरात खुडूक कोंबडी हेच उबवणी यंत्र. डझनभर अंडी, मग २१ दिवस बसणं, मग पिल्लं फिरवणं. जिच्यातून हे काढून टाकलं नाही, तिच्याकडून लेगहॉर्नचा हिशेब मागणं अन्यायाचं आहे.

तेव्हा दिवाळीनंतर अंडी थांबली म्हणून कोंबडी रश्श्यात घालायची घाई करू नका. आधी पिसं पाहा. ती झडत असतील तर शेंगपेंड, सुकट असं काही चारा. अंडी दोन-तीन महिन्यांत परत सुरू होतात. दिवा लावायचाच तर पहाटे लावा, कारण संध्याकाळी तो एकदम विझला की कोंबड्या आढ्यावर चढायच्या राहतात. पण पिसं शाबूत असून कोंबडी मान टाकत असेल, हिरवट हगत असेल, तर ऋतूला दोष देत बसू नका. तो मानमोडीचा रोग असू शकतो. त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठा.