आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषा आणि आरोग्यसेवकांची भूमिका : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि रोगमुक्तीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. देवीची लस, निर्जंतुक शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, अवयवारोपण हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. परंतु आरोग्यसेवकाचे काम रोगाच्या आधीही असते आणि उपचार थांबल्यानंतरही असते. निरोगी माणसाने कसे राहावे, याचे मार्गदर्शन हे पहिले काम. बरा न होणाऱ्या माणसाची वेदना कमी करून त्याला सन्मानाने निरोप घेता यावा, हे दुसरे काम. या दोन्ही कामांत औषधापेक्षा संवादाला, वेळेला आणि सान्निध्याला अधिक महत्त्व असते. ही कामे कोणी केली, त्यांना कोणती प्रतिष्ठा मिळाली आणि कायद्याने त्यांची कशी दखल घेतली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. लेखाचा भर प्रामुख्याने अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषेवर असून जीवनशैलीविषयक समुपदेशनाचा विचार तिच्या संदर्भात केला आहे.

प्राचीन वैद्यकातील भूमिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधी द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची सेवा करणारा परिचारक. शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता हे त्याचे चार गुण मानले आहेत. चारही पाद आवश्यक असले तरी प्राधान्य मात्र वैद्याला दिले आहे. याच सूत्रस्थानात आहार, ऋतुचर्या, दिनचर्या आणि सद्वृत्त यांचे सविस्तर विवेचन येते. आज ज्याला जीवनशैलीविषयक समुपदेशन म्हटले जाते, त्याला त्या काळी वैद्यकात मध्यवर्ती स्थान होते, हे यावरून स्पष्ट होते.

असाध्य रोगाच्या बाबतीत मात्र भूमिका बदलते. असाध्य रोगावर उपचार करणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, असा इशारा तेथे दिला आहे. वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी करुणा, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा. येथील उपेक्षा म्हणजे तिरस्कार नव्हे. निष्फळ उपचारांपासून दूर राहण्याचा तो विवेक होय. इंद्रियस्थानात मृत्यूची लक्षणे दिली आहेत. ती ओळखू आली तरी वैद्याने न विचारता मृत्यूचे भाकीत करू नये, तसेच ज्यामुळे रुग्णाला किंवा आप्तांना धक्का बसेल ते विचारल्यावरही सांगू नये, असा संकेत आहे. वैद्य बाजूला झाल्यावर रुग्णाजवळ उरत असे तो उपस्थाता आणि कुटुंब. हा श्रमविभाग पुढे दीर्घकाळ टिकून राहिला.

परिचारिका व्यवसायाचा उदय

एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यामुळे शुश्रूषा हा प्रशिक्षित व्यवसाय झाला. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली त्यांच्या नावाने प्रशिक्षण शाळा सुरू झाली. भारतात या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळणे अधिक कठीण होते. परपुरुषाची सेवा, मलमूत्राचा स्पर्श आणि रात्रपाळी या गोष्टी तत्कालीन उच्चवर्णीय समाजाला निषिद्ध वाटत. या पार्श्वभूमीवर रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाचे कार्य महत्त्वाचे ठरते. संस्थेने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षणासाठी पाठविले आणि त्यांच्या निवासाची सोय केली. शुश्रूषा हे शिकून करावयाचे सन्माननीय काम आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्यात या प्रयत्नांचा मोठा वाटा आहे.

मात्र व्यवसायाला मान्यता मिळाली तरी निर्णयाचा अधिकार मिळाला नाही. डॉक्टरांच्या सूचनांची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, हीच परिचारिकेची ओळख राहिली.

सिसिली साँडर्स आणि हॉस्पिस चळवळ

ही चौकट प्रथम मोडली ती इंग्लंडमधील सिसिली साँडर्स (१९१८-२००५) यांनी. त्या आधी परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. १९४८ साली मृत्यूच्या छायेतील एका पोलिश निर्वासित रुग्णाशी झालेल्या संवादातून त्यांच्या मनात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र निवासाची कल्पना आकारास आली. डॉक्टर या रुग्णांना सोडून देतात, म्हणून आपणच डॉक्टर झाले पाहिजे, अशा निश्चयाने त्यांनी १९५७ साली वैद्यकीय पदवी मिळविली.

लंडनच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये काम करताना त्यांनी मॉर्फिन वापराची पद्धत बदलली. वेदना असह्य होईपर्यंत थांबण्याऐवजी ठरावीक अंतराने मात्रा देऊन वेदनेला डोके वर काढू न देणे, हे तिचे सूत्र होते. त्यासाठी रुग्णाच्या वेदनेची नोंद ठेवणारी परिचारिका आणि त्या नोंदीवर विश्वास ठेवणारा डॉक्टर, दोघेही आवश्यक होते. वेदना केवळ शारीरिक नसून मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिकही असते, असे त्यांनी मांडले. ही समग्र वेदनेची संकल्पना त्यांना एका व्यवसायाच्या चौकटीतून सुचणे कठीण होते. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिसची स्थापना केली. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, धर्मोपदेशक व स्वयंसेवक यांचा एकत्र गट ही तिची खरी देणगी होय.

भारतातील वाटचाल

भारतात मरणासन्नांसाठी मदर तेरेसा यांनी कोलकात्यातील कालीघाट येथे १९५२ साली निर्मल हृदय सुरू केले. तेथे प्रेम आणि निवारा होता; वैद्यकीय वेदनाशमन हा त्याचा मुख्य आधार नव्हता. आधुनिक अर्थाने देशातील पहिले हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन. कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा हे त्याचे संस्थापक. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या.

याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फिन होते. परंतु भारतात नेमका त्याच सुमारास विपरीत प्रवाह सुरू झाला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात किमान दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद होती. परवाने अनेक, ते देणारी खाती वेगवेगळी आणि नोंदीतील किरकोळ चुकीलाही गुन्ह्याचे स्वरूप येण्याची भीती, यामुळे रुग्णालयांनी व औषध विक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. पुढील दशकभरात देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. भारत हा वैद्यकीय उपयोगासाठी कायदेशीर अफू पिकविणारा प्रमुख देश असताना येथील कर्करुग्ण मात्र वेदनेत तळमळत राहिले. वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीला मॉर्फिनची मात्रा कशी द्यावी, याचा अनुभवच मिळाला नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक अमली औषधांचा वेगळा वर्ग करण्यात आला आणि एकच परवाना पुरेसा ठरला. परंतु कायदा बदलला म्हणून हरवलेले कौशल्य आपोआप परत येत नाही.

केरळने वेगळा मार्ग दाखविला. १९९३ साली कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक शुश्रूषा संस्था स्थापन केली. तेथून वाढलेल्या कार्यात प्रशिक्षित परिचारिका आणि स्थानिक स्वयंसेवक घरोघरी जाऊ लागले. डॉक्टर त्यांच्या पाठीशी राहिले. २००८ साली राज्य शासनाने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींना या कामात सामावून घेतले. रुग्णालयात खाटा वाढविण्यापेक्षा घरी जाणारी परिचारिका महत्त्वाची, हा या प्रयोगाचा धडा होय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या विषयाला शैक्षणिक अधिष्ठान दिले. २०१२ साली तेथे उपशामक वैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी केंद्र शासनाचा राष्ट्रीय उपशामक शुश्रूषा कार्यक्रमही आखला गेला.

न्यायालय आणि शुश्रूषा

या इतिहासातील सर्वांत वेदनादायक आणि सर्वांत बोधप्रद अध्याय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घडला. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अत्याचार झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी केली. त्यांना दयामरण मिळावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मात्र विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवनाधार उपचार थांबविता येतील, असा निर्णय दिला. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना त्यांचे निकटचे हितैषी मानले. उपस्थात्याच्या शब्दाला कायद्याच्या दरबारात मिळालेले हे असाधारण स्थान होते.

पुढील वाटचालीत ते टिकले नाही. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून पूर्वनिर्देशांना, म्हणजेच लिव्हिंग विलला वैधता दिली. प्रक्रिया किचकट ठरल्याने जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ करण्यात आली. दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी झाली. उपचार थांबविण्याचा निर्णय प्राथमिक व दुय्यम अशा दोन मंडळांकडे आहे आणि दोन्हींचे सदस्य डॉक्टरच आहेत. रुग्णाजवळ रात्रंदिवस असणाऱ्या परिचारिकेला वा समाजसेवकाला त्यात स्थान नाही.

समुपदेशन : दुसरे टोक

अखेरच्या शुश्रूषेचा प्रश्न पहिल्या टोकापासून तोडता येत नाही. भारतात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असून तंबाखू हे त्याचे प्रमुख कारण आहे. तंबाखू सोडण्याविषयी ज्याच्याशी वेळीच कोणी बोलले नाही, तोच रुग्ण काही वर्षांनी मॉर्फिनच्या प्रतीक्षेत असतो. २०१० साली सुरू झालेल्या कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात नियंत्रण कार्यक्रमात समुपदेशकाचे पद निर्माण करण्यात आले. २०१८ पासून आरोग्य व कल्याण केंद्रांच्या सेवांत असंसर्गजन्य रोगांची तपासणी आणि उपशामक शुश्रूषा या दोहोंचा समावेश झाला. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी परिचारिका किंवा आयुर्वेद पदवीधर असू शकतो. म्हणजे दोन्ही टोकांचे काम एकाच व्यक्तीकडे येते. परंतु त्याबरोबर येणारा नोंदींचा व अहवालांचा भार पाहता संवादासाठी वेळ किती उरतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, रोगनिवारणाचे श्रेय नेहमी वैद्याकडे गेले, तर रोगापूर्वीचे व उपचारानंतरचे काम उपस्थात्याकडे राहिले. जेथे हे दोघे समान भूमीवर एकत्र आले, तेथे रुग्णाची वेदना कमी झाली. सेंट क्रिस्टोफर्स आणि केरळ ही त्याची उदाहरणे होत. वैद्यकीय पदवीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य व नीतिविचार यांना स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. तथापि वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांतील विद्यार्थी हा विषय स्वतंत्रपणे शिकत राहिले, तर रुग्णाच्या खाटेपाशी ते एकत्र काम करतील, ही अपेक्षा व्यर्थ होय. निर्णय घेणाऱ्या मंडळात परिचारिकेचा आवाज ऐकला जाणे, ही तिच्या प्रतिष्ठेपेक्षाही रुग्णाच्या हिताची बाब आहे. कारण त्याची अखेरची इच्छा बहुतेक वेळा तिनेच ऐकलेली असते.