सार्वमत : कौल मतपेटीत, कारण मतदारापाशी

१६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकातील मतदारापुढे दोनच चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर ‘फूल’. संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर ‘दोन पाने’. एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सुमारे ८२ टक्क्यांनी, मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाचा प्रस्ताव फेटाळला गेला. दमण व दीव येथील मतदारांना गुजरातमधील विलीनीकरणाविषयी विचारण्यात आले होते; त्यांनीही वेगळे राहणेच पसंत केले.

आकडे स्पष्ट आहेत. कोणी कोणत्या कारणाने कोणते चिन्ह निवडले, हे मात्र आकडे सांगत नाहीत. देवळात कौल लावला की उजवा की डावा एवढेच कळते. सार्वमताचेही तसेच आहे. निकाल कळतो, त्यामागचा विचार मतदारांच्या बोलण्यातून आणि त्या काळच्या लेखनातून शोधावा लागतो.

प्रश्न लोकांपुढे कसा आला

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. विलीनीकरण हे या पक्षाचे मूळ उद्दिष्ट होते आणि जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाची भूमिका अशी होती की, सरकार निवडून देणे वेगळे आणि प्रदेशाचे अस्तित्व ठरवणे वेगळे. दुसरा निर्णय थेट जनतेनेच घ्यावा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी हीच मागणी दिल्लीत लावून धरली.

भारतीय राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. त्यामुळे डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने केवळ या कौलासाठी स्वतंत्र कायदा केला. प्रक्रियेच्या निष्पक्षतेविषयी शंका राहू नये म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना मताधिकार द्यावा, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. जुनागढ (१९४८) आणि सिक्कीम (१९७५) येथील मतदान भारतात सामील होण्याविषयी होते. गोव्यात भारतात कोणत्या स्वरूपात राहायचे, हे विचारले गेले.

दोन चिन्हे, अनेक कारणे

फुलाला मत देणाऱ्यांची कारणे एकसारखी नव्हती. कोणासाठी मराठी ही भजन-कीर्तनाची, नाटकाची आणि शाळेची भाषा होती. महाराष्ट्राशी असलेले सांस्कृतिक नाते राजकीयदृष्ट्याही जुळावे, असे त्यांना वाटे. कुळे आणि मुंडकार यांच्यापैकी अनेकांना भाटकारशाहीच्या जोखडातून सुटण्याचा मार्ग मोठ्या राज्यात दिसत होता. विलीनीकरणाचा जोर नव्या काबिजादीत अधिक होता. जुन्या काबिजादीत, विशेषतः साष्टीत, विरोध तीव्र होता.

दोन पानांमागेही तितकेच विविध विचार होते. कोकणीची स्वतंत्र ओळख, महाराष्ट्रातील दारूबंदी, सरकारी नोकऱ्यांतील स्पर्धा, मुंबईचे अंतर आणि मोठ्या राज्याचा एक दुर्लक्षित जिल्हा होण्याची भीती, अशी ती कारणे होती. विशेष म्हणजे, या बाजूचा एक प्रभावी आवाज मराठीतून उमटला. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने विलीनीकरणाविरुद्ध भूमिका घेतली आणि त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर घरोघरी वाचले गेले. मराठी वाचणारा प्रत्येक जण फुलाचा मतदार, हे समीकरण म्हणूनच टिकत नाही.

पक्षाला मत, प्रश्नाला मत

कौलानंतर अवघ्या काही आठवड्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभा निवडणूक झाली. मतदारांनी विलीनीकरण फेटाळले होते. तरी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच तीसपैकी १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

वरवर हा विरोधाभास वाटतो. पण पक्षाचा मतदार त्याच्या प्रत्येक भूमिकेला बांधलेला नसतो, हे एकदा ध्यानात घेतले की त्यात विसंगती उरत नाही. बहुजन समाजाला भाऊसाहेबांचे सरकार हवे होते. विलीनीकरण झाले असते तर तेच सरकार विसर्जित झाले असते, याची जाणीव काही मतदारांना असावी, असे अभ्यासक मानतात. एकाच मतदाराने जानेवारीत दोन पाने आणि मार्चमध्ये बांदोडकरांचा पक्ष निवडला असेल, तर त्याचे स्पष्टीकरण त्याच्यापाशी होते. मतपत्रिकेवर त्याला जागा नव्हती.

गुप्तता कोणाची?

भारतीय निवडणूक कायद्यानुसार कोणाही व्यक्तीला आपले मत उघड करण्यास भाग पाडता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ मध्ये हे संरक्षण आहे. गुप्तता हा मतदाराचा विशेषाधिकार असून तो स्वेच्छेने सोडता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रघबीर सिंह गिल प्रकरणात स्पष्ट केले. मतदान केंद्रात गुप्तता पाळणे बंधनकारकच आहे. मात्र नंतर आपण कसे आणि का मत दिले हे सांगायचे की नाही, हे मतदाराने ठरवायचे.

जिथे प्रश्न विचारलाच गेला नाही

लोकांना थेट विचारणे किती दुर्मीळ, हे हैदराबादच्या कुकटपल्ली उपनगराकडे पाहिले की कळते. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड भाग म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्रात गेले. राज्य पुनर्रचना आयोगाने तेलंगणाला काही काळ स्वतंत्र ठेवून पुढचा निर्णय विधिमंडळाच्या दोन तृतीयांश बहुमताने घ्यावा, असे सुचवले होते. ते झाले नाही. सार्वमतही झाले नाही.

२०१४ मध्ये हाच प्रश्न उलट दिशेने आला. किनारी आंध्र व रायलसीमेतून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या कुकटपल्लीसाठी तो जिव्हाळ्याचा होता. ३० जानेवारी रोजी आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक आवाजी मतदानाने नाकारले. १८ फेब्रुवारीला लोकसभेने आणि २० फेब्रुवारीला राज्यसभेने ते आवाजी मतदानानेच मंजूर केले. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार विधानसभेचे मत मागवावे लागते, ते मानण्याचे बंधन संसदेवर नसते. आवाजी मतदानात कोणत्या सदस्याने कोणती बाजू घेतली याची नावानिशी नोंद राहत नाही. अर्थात, नागरिकाला विचारले गेले नाही आणि प्रतिनिधीचे मतही नोंदले गेले नाही.

त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत तेलंगण राष्ट्र समितीला राज्यात बहुमत मिळाले, तर कुकटपल्लीने तेलुगू देसमचा उमेदवार निवडला. पण त्या निकालाला विभाजनावरील कौल म्हणणे धाडसाचे ठरेल. मार्च १९६७ चा गोव्याचा अनुभव त्याबाबत सावध करतो.

कारणांची नोंद

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मतदारांपुढे अनेक प्रस्ताव थेट ठेवले जातात. तेथे सरकारी मतदार पुस्तिकेत प्रत्येक प्रस्तावाचे विश्लेषण आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद छापले जातात. मत गुप्त राहते, कारणांची चर्चा मात्र खुलेपणाने होते. गोव्यात ते काम वृत्तपत्रांनी, सभांनी आणि गीतांनी केले.

१९६७ च्या मतपत्रिकेवर स्वतंत्र राज्याचा पर्याय नव्हता. तो ३० मे १९८७ रोजी प्रत्यक्षात आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत संमत झालेल्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. विलीनीकरणाचा प्रश्न मतपेटीने मिटवला. त्यासोबत विचारले न गेलेले प्रश्न सुटायला आणखी वीस वर्षे लागली. त्या दिवशी मतदान केलेली पिढी आता वार्धक्यात आहे. फूल की दोन पाने हे सांगण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू शकत नाही. पण ज्यांना सांगायचे आहे, त्यांच्याकडून ‘का’ हे ऐकून लिहून ठेवण्याची वेळ फार उरलेली नाही.