खापर कुणाच्या माथी?

समीक्षकांनी झोडपला म्हणून सिनेमा पडला, असे आपण सहज बोलून जातो. कवितेच्या बाबतीतही हीच भाषा चालते. पण एखाद्या कलाकृतीच्या अपयशाचा हिशेब मांडायला बसले, की लक्षात येते, समीक्षक एक सांगत असतात, तिकीटखिडकी दुसरेच सांगत असते आणि पैसा लावणारा तिसरीच गोष्ट सांगून मोकळा होतो. २००३ सालचा एक हॉलीवूडपट मला या दृष्टीने फार बोलका वाटतो. त्याचे नाव, 'लारा क्रॉफ्ट टूम रेडर : द क्रेडल ऑफ लाइफ'.

ही लारा क्रॉफ्ट मुळात कादंबरीतली नव्हे, नाटकातलीही नव्हे. तिचा जन्म व्हिडिओ गेममधला. इंग्लंडमधील डर्बी शहरात 'कोअर डिझाइन' नावाची एक कंपनी होती. तिथल्या टोबी गार्ड या तरुणाने ही व्यक्तिरेखा रेखाटली आणि १९९६ साली खेळ बाजारात आला. प्राचीन थडगी धुंडाळणारी, दोन्ही हातांत पिस्तुले घेतलेली ही बाई बघता बघता जगभर पोचली. हॉलीवूडला तिचा मोह पडला नसता तरच नवल! २००१ साली पहिला सिनेमा आला. नायिका होती अँजेलिना जोली, आदल्याच वर्षी ऑस्कर मिळवलेली. समीक्षकांनी नाके मुरडली, पण सिनेमाने जगभरात २७ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. मग दुसरा भाग येणार हे ठरलेलेच होते.

दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन 'स्पीड' आणि 'ट्विस्टर' या गाजलेल्या सिनेमांच्या यान द बाँट यांच्याकडे आले. कथा अशी : ग्रीसजवळ समुद्रतळाशी सिकंदराचे एक मंदिर सापडते. त्यातला सोनेरी गोल म्हणजे पँडोराच्या पेटीचा ठावठिकाणा. जैविक अस्त्रे विकणाऱ्या एका शास्त्रज्ञाला त्या पेटीतली महामारी हवी आहे. त्याला अडवण्यासाठी लारा चीन, हाँगकाँग करत थेट आफ्रिकेपर्यंत जाते.

आता समीक्षकांचे पाहू. परीक्षणे गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज'वर या सिनेमाच्या बाजूने साधारण चारांत एकच समीक्षक उभा राहिला. कथा तकलादू आहे, साहसदृश्ये एकामागून एक जोडली आहेत, अशी तक्रार होती. पण पहिल्या भागाची अवस्था याहून वाईट होती. परीक्षणांना गुण देणाऱ्या 'मेटाक्रिटिक'वर पहिल्याला शंभरांत ३३, तर दुसऱ्याला ४३. 'शिकागो सन-टाइम्स'चे ख्यातनाम समीक्षक रॉजर एबर्ट यांनी दुसऱ्या भागाला चारांपैकी तीन तारे दिले आणि तो पहिल्यापेक्षा सरस ठरवला. म्हणजे समीक्षकांच्या मते हे प्रगतिपुस्तक सुधारलेले होते. नापास, पण सुधारलेले!

तिकीटखिडकीवर मात्र उलटे घडले. अमेरिकेत पहिल्या भागाने पहिल्या तीन दिवसांत ४ कोटी ७७ लाख डॉलर मिळवले होते. दुसऱ्याला त्याच्या निम्मेही, म्हणजे २ कोटी २० लाखही मिळाले नाहीत. तो चौथ्या क्रमांकावर राहिला. सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्चून बनवलेल्या या सिनेमाने जगभरात सुमारे १६ कोटी मिळवले. हॉलीवूडच्या हिशेबात जाहिरातखर्च आणि थिएटरवाल्यांचा वाटा धरला, तर ही काही आनंदाची बातमी नव्हती.

मग खापर कुणाच्या माथी फोडायचे? 'पॅरामाउंट' या निर्मितीसंस्थेने बोट दाखवले ते खेळाकडे. महिनाभर आधीच लाराचा 'द एंजल ऑफ डार्कनेस' हा नवा खेळ आला होता आणि तो खेळणाऱ्यांना आवडला नव्हता. म्हणून आमचा हक्काचा प्रेक्षक रुसला, असा त्यांचा युक्तिवाद. मुशायऱ्यात शेर पडला की काही शायर माइक नीट नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. गंमत अशी, की त्याच दिवशी, २५ जुलैला, 'स्पाय किड्स थ्री-डी' हा सिनेमा लागला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. त्याची कथाच एका व्हिडिओ गेमच्या आत घडणारी!

खेळ सदोष होता, हे खरे. पण तो तसा का झाला? डर्बीच्या त्या मंडळींनी १९९६ ते २०००, पाच वर्षांत लाराचे पाच खेळ बनवले. दर वर्षी एक. १९९९च्या खेळाच्या शेवटी तर त्यांनी लाराला ढासळणाऱ्या वास्तूखाली गाडूनच टाकले. थकलेल्या माणसांनी आपल्या हिरॉइनकडून मागितलेली ती सुटका होती. सुटका कसली, पुढच्या वर्षी पुन्हा खेळ! २००३चा खेळ वारंवार लांबला आणि अखेर अर्धाकच्चा बाहेर पडला. त्यानंतर लारा डर्बीकडून काढून घेतली गेली आणि कॅलिफोर्नियातील 'क्रिस्टल डायनॅमिक्स'कडे सोपवली गेली. कोअर डिझाइन २००६ साली विकली गेली, २०१०मध्ये तिला टाळे लागले. ज्या हातांनी लारा घडवली, त्या हातांतून ती निसटली ती अशी.

माझे मत विचाराल, तर दुसऱ्या सिनेमाने पहिल्याचे कर्ज फेडले. २००१ साली लोक कुतूहलाने गेले, त्यातले कितीतरी निराश होऊन परतले, आणि दोन वर्षांनी दुसरा भाग थोडा बरा आहे हे ऐकायलाही ते थांबले नाहीत. हे कवितासंग्रहांचेही होते. पहिला संग्रह गाजावाजाने खपतो आणि घरी नेल्यावर निराश करतो. त्याचा दंड दुसऱ्याला पडतो, मग तो उजवा का असेना.

आणखी एक नोंद. लाराच्या सिनेमांवर मेहेरनजर करणारे हेच एबर्ट पुढे व्हिडिओ गेम ही कला होऊ शकत नाही, असे ठासून म्हणाले. २०१० साली त्यावर मोठा वाद झाला. तेव्हा खेळांचा पुरेसा अनुभव नसताना आपण हे बोलायला नको होते, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. एवढे मोठेपण समीक्षकात असले, की त्याचा कडू शब्दही मोलाचा ठरतो.

व्यापाऱ्यात ते क्वचित दिसते. पाणी उताराकडे धावते, तसे खापरही. ते फुटते सर्वांत खाली बसलेल्याच्या डोक्यावर. म्हणून एखादी कलाकृती 'पडली' असे कानावर आले, की मी आधी विचारतो, हे सांगतो आहे कोण आणि त्याचे पैसे किती अडकले होते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)